पंपावर घनता लिहिता, मग ऑक्टेन का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोलचा दर आपल्या दैनिकात रोज चौकटीत येतो आणि तो बघितल्याशिवाय कोल्हापुरातला माणूस चहाचा कप खाली ठेवत नाही. दरावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते पंपावर रोज कानावर पडणाऱ्या प्रश्नावर : "साधं टाकू का पॉवर?"

कावळा नाक्यापासून रंकाळ्यापर्यंत कुठल्याही पंपावर जा, हा प्रश्न ठरलेला. कुठं 'पॉवर' म्हणतील, कुठं 'स्पीड', कुठं नुसतंच 'प्रीमियम'. लिटरमागे चार पैसे जास्त मोजून लोक घेतात. लग्नाला निघालेली गाडी असेल तर हमखास घेतात. पण जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे ना विचारणाऱ्याला सांगता येतं ना देणाऱ्याला. परवा एका पंपावर नळी हातात धरून उभ्या असलेल्या पोराला मी विचारलं, "पॉवर म्हंजे काय रे बाळा?" तो म्हणाला, "काका, पिकअप वाढतंय, इंजिन क्लीन ऱ्हातंय." म्हटलं, "ऑक्टेन किती?" (हा पेट्रोलचा एक आकडा, त्याचा अर्थ पुढं सांगतो.) "ते हापिसात विचारा." ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी न अडखळता सांगितलं, "पंच्याण्णव." मी विचारलं, "आणि साध्याचं?" ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "साध्याचं काय, साधंच की."

पोराचा दोष नाही आणि साहेबांचाही फारसा नाही, कारण तो आकडा त्या पंपावर कुठंच लिहिलेला नव्हता. पेट्रोलची घनता होती, दर होता, हवा मोफत असल्याची पाटी होती. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन नव्हता आणि त्यात इथेनॉल किती टक्के आहे, हेही नव्हतं.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. आता निवृत्त आहे. माझी बरीच पोरं आज उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला गॅरेज नाहीतर मशीन शॉप चालवतात. आपलं गाव इंजिनाचं गाव आहे. इथल्या फौंड्र्यांत ओतलेले सिलिंडर ब्लॉक आणि हेड देशभरातल्या गाड्यांत बसतात. अशा गावात पेट्रोलबद्दल इतकं अज्ञान असावं, हे मला खटकतं. म्हणून जरा लांब पत्र लिहितोय. जागेअभावी काटछाट करावी लागली तर करा, पण इथेनॉलचा भाग तेवढा ठेवा.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. शंभर ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलमध्ये एक्क्याण्णववाल्यापेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते. हा आकडा सांगतो तो पेट्रोलचा सोशिकपणा. दाबाखाली आणि उष्णतेत ते ठिणगी पडायच्या आधी किंवा ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता आपणहून पेटायला किती विरोध करतं, एवढंच त्यातून कळतं.

पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. तो अगदी वर पोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरच्या कडेकडं पसरत जाते. पिस्टन खाली वळून क्रँक, म्हणजे पिस्टनच्या रेट्यानं फिरणारा दांडा, बारा-पंधरा अंश फिरला की दाब कमाल व्हावा, म्हणजे क्रँकला पुरेपूर रेटा मिळतो. ठिणगी जरा आधी पाडायची, ज्याला आपण टायमिंग अ‍ॅडव्हान्स म्हणतो, ती यासाठीच. पण ज्योत कडेला पोचायच्या आत तिथं कोंडलेलं उरलंसुरलं मिश्रण, वाढलेल्या दाबानं आणि तापून, एकदमच भडकलं तर? मग सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात आणि पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा आवाज येतो. हेच नॉकिंग. गॅरेजमध्ये "गाडी नॉक करायलीया" म्हणतात ते हे.

आमच्या वर्कशॉपच्या फळीवर मी एक पिस्टन ठेवला होता. वरून पाहिलं तर ठीकठाक. पण कडेला, एक्झॉस्टच्या बाजूनं, अ‍ॅल्युमिनियम वाळवी लागावी तसं बारीक बारीक खाल्लेलं. खालच्या बाजूला पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली पट्टी तुटून रिंग खिळखिळी झालेली. नव्या बॅचच्या पोरांच्या हातात मी तो द्यायचो आणि नखानं ती कड चाचपायला लावायचो. महिनोन्महिने नॉकिंगकडं कानाडोळा केला की काय होतं, हे त्यांना भाषणापेक्षा त्या कडेनं जास्त कळायचं.

आता आकड्याविषयी. आयसो-ऑक्टेन नावाचं एक द्रव्य नॉकिंगला सहजी दाद देत नाही, त्याला १०० गुण दिले. नॉर्मल हेप्टेन पटकन नॉक करतं, त्याला शून्य. १९२०च्या दशकात ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं ही मोजपट्टी घालून दिली. एखादं पेट्रोल नव्वद टक्के आयसो-ऑक्टेन आणि दहा टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकं नॉक करत असेल, तर त्याचा ऑक्टेन ९०. हे मोजायला एकाच सिलिंडरचं खास इंजिन असतं. चालू असतानाच त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, वरखाली करता येतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, सौम्य परिस्थितीत मोजलेला आकडा म्हणजे रिसर्च ऑक्टेन. ९०० फेऱ्यांवर, मिश्रण तापवून मोजलेला तो मोटर ऑक्टेन. दुसरा नेहमी कमी येतो. आपल्याकडं २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले, तेव्हा मानकात साध्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन किमान ९१ आणि प्रीमियमचा किमान ९५ धरला होता.

मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्या पोरांसाठी एवढं सांगायलाच पाहिजे की तिथं पंपावर या दोन आकड्यांची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, आणि त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. तिकडचा माणूस "माझ्या गाडीला ९१ लागतं" म्हणाला की इकडं आमचं पोरगं खूश, "आपलं साधं पण ९१च हाय." तसं नाही ते.

गाडीला किती ऑक्टेन लागतो, हे मुख्यतः कॉम्प्रेशनवर ठरतं. जुन्या अँबॅसॅडर आणि पद्मिनीचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास असायचं. त्या बिचाऱ्या कसलंही पेट्रोल प्यायच्या. आजच्या साध्या छोट्या गाडीचंही दहा-अकराच्या पुढं आणि काही इंजिनांत बाराच्या वर जातं. कॉम्प्रेशन वाढवलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, म्हणून कंपन्या ते वाढवत गेल्या. पण आडवं येतं ते नॉकिंग. यावर जुना तोडगा शिशाचा होता. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा गुण सापडला. चिमूटभर घातलं की ऑक्टेन वर. पुढं ते शिसं जगभरातल्या मुलांच्या रक्तात गेलं. आपल्या देशात शिसंवालं पेट्रोल बंद झालं ते १ फेब्रुवारी २०००ला, आणि जगातून शेवटचं अल्जीरियातून २०२१ मध्ये. गाडीच्या पेट्रोल झाकणाच्या आतल्या बाजूला 'अनलेडेड' लिहिलेली पट्टी दिसते, तिची ही कहाणी. ती पट्टी सगळ्यांनी एकदा वाचावी. त्या गाडीला कुठलं इंधन चालतं, हे तिथं नाहीतर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडं ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीसकट डिकीत पडून असतं.

पुस्तकात '९१ किंवा त्याहून जास्त' असं असेल आणि गाडी साध्या पेट्रोलवर नॉक करत नसेल, तर वरचा ऑक्टेन घालून ताकद वाढत नाही, अ‍ॅव्हरेज वाढत नाही, काही होत नाही. 'जास्त ऑक्टेननं इंजिन जास्त तापतं, व्हॉल्व्ह जळतात' असं सांगणारेही भेटतात. तेही खोटं. नुकसान खिशाचं, इंजिनाचं नव्हे.

फायदा होतो तो कुणाला? ज्यांच्या इंजिनात नॉक सेन्सर आहे आणि जे साध्या पेट्रोलवर टायमिंग मागं ओढतं, त्यांना. पूर्वी हे काम माणूस करायचा. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करायचा, कान बॉनेटकडं, बॉडी केसभर फिरवायची, मग रस्त्यावर चक्कर मारून चढाला आवाज ऐकायचा. आता सिलिंडर ब्लॉकवर बोल्टनं आवळलेली बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसलेली एक चकती ते काम करते. नॉकिंगच्या सहा-सात किलोहर्ट्झच्या कंपनांनी तिच्यातल्या स्फटिकात वीज तयार होते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, लगेच ठिणगी थोडी उशिरा टाकतो. नॉकिंग थांबतं, पण तेवढी ताकदही जाते. गॅरेजवाल्या माझ्या पोरांना एक सांगतो : तो सेन्सर काढला तर परत बसवताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरल्या जोरानंच आवळणारा पाना, वापरा, साधारण वीस न्यूटन-मीटर. अंदाजानं घट्ट आवळला तर तो एक तर बहिरा होतो, नाहीतर नसलेला आवाज ऐकायला लागतो. मग गिऱ्हाईक "गाडी मरगळली" म्हणत येतं आणि तुम्ही त्याला पॉवर टाकायला सांगता.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजला माझ्या भाच्याची टर्बो पेट्रोल गाडी, म्हणजे पंख्यानं हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलणारी, आली होती. भाच्याचं म्हणणं, "मामा, टर्बोला साधं चालत न्हाई म्हणत्यात." म्हटलं, म्हणणाऱ्यांना बसू दे, आपण बघू. उन्हाळ्याची दुपार निवडली, चौघं बसलो, इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला आणि केर्लीवरून वाघबीळाकडं निघालो. वाघबीळावरनं पन्हाळ्याकडं वळलं की चढाला मुद्दाम वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावली. नॉकिंगला यापेक्षा अनुकूल परिस्थिती नाही. स्क्रीनवर टायमिंग दोन-तीन अंश मागं जाताना स्पष्ट दिसलं. गिअर खाली टाकला की आकडा जागेवर. नंतर टाकी रिकामी करून पंच्याण्णववालं भरलं आणि त्याच चढावर पुन्हा तेच केलं. सांगण्यासारखा फरक दिसला नाही. एका चढावरनं शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण फरक का दिसला नसावा, याचं कारण साधं आहे आणि तिथंच इथेनॉल येतं. त्याआधी एक. पन्हाळा समुद्रसपाटीपासून साधारण ९७७ मीटरवर आहे. उंचावर हवा विरळ होते, टर्बो नसलेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवाच कमी जाते, त्यामुळं नॉकिंग खरं तर घटतं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात म्हणून तर कमी ऑक्टेनचं पेट्रोल विकतात. तेव्हा "घाट चढायचाय, पॉवर टाका" हा सल्ला उंचीपुरता तरी उलटा आहे. घाटात त्रास देतो तो चढाचा भार, उकाडा आणि ड्रायव्हरचा आळशी गिअर. चैत्रात जोतिबाला जाणाऱ्या गाड्या बघा, आत सहा माणसं, एसी चालू आणि मंडळी तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला तयार नाहीत.

आता इथेनॉल. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून, उसाच्या रसापासून आणि आता मोठ्या प्रमाणात मका-तांदळापासून ते बनतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडं पोचलं. आमच्या घरचा ऊसही कारखान्यालाच जातो, त्यामुळं इथेनॉलला शिव्या घालायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. जिल्ह्याच्या खिशात पैसे येतात, परदेशी तेलाचं बिल हलकं होतं. पण काय भरतोय ते कळलं पाहिजे.

शुद्ध इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. शिवाय ते वाफ होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं आणि सिलिंडरमध्ये येणारं मिश्रण थंड करतं. म्हणजे नॉकिंगला दोन्ही बाजूंनी आवर. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ च्या निवेदनात सांगितलं की २० टक्के इथेनॉलमुळं साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आता ९५ च्या जवळ गेलाय. हे वाचून मी खुर्चीवर सरळ बसलो. साधंच जर पंच्याण्णवच्या जवळ असेल, तर पंच्याण्णव म्हणून जास्त दरानं विकलं जाणारं पेट्रोल कुणी कशासाठी घ्यायचं? त्यात इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह असतं, हे खरं. त्याला किंमत आहे, हेही मान्य. मग ते अ‍ॅडिटिव्ह म्हणून विका. 'पॉवर' म्हणून का विकता?

दुसरी बाजूही आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की हिशेबानं सहा-सात टक्के कमी. नीती आयोगानं २०२१ च्या अहवालात हाच आकडा दिला होता : बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटेल, दुचाकींचं तीन-चार टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० ला जुळवलेल्या चारचाकींचं एक-दोन टक्के. तेव्हा "गाडी पूर्वीसारखी पळत नाही" म्हणणारा माणूस वेडा नाही. त्याला ऑक्टेन फुकटात वाढून मिळालाय, पण त्याच्या जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तेच राहिल्यामुळं तो वापरता येत नाही. ऊर्जेची घट मात्र रोज जाणवते. यावर तो पॉवर टाकतो आणि लिटरमागे आणखी पैसे मोजतो. त्या पेट्रोलमध्येही इथेनॉल आहे की नाही, असल्यास किती, हे नावावरून कळत नाही. ज्यानं एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे २० टक्के इथेनॉलला टिकणारे भाग बसवायला लागायच्या आधीची गाडी घेतलीय, त्याला तर ऑक्टेनपेक्षा रबरी नळ्या आणि गॅस्केटची काळजी जास्त हवी. सर्व्हिसिंगला गाडी गेली की त्या बघायला सांगा. गगनबावड्याकडं राहणाऱ्यांनी पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट बसतं का, तेवढं बघावं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं तर दोन्ही मिळून तळाला बसतात.

मोटरसायकलवाल्यांसाठी थोडक्यात. दीडशे सीसीच्या रोजच्या गाड्यांत बहुतेक वेळा नॉक सेन्सर नसतोच. टायमिंग कंपनीनं आखून दिलेलं, पेट्रोल बघून त्यात बदल होत नाही. इंजिनाला कळतच नाही की तुम्ही शंभर ऑक्टेनचं पेट्रोल ओतलंय, तर ते फायदा कसा उचलणार? इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, तेव्हा दिल्लीत ते लिटरला १६० रुपये होतं. ते जास्त कॉम्प्रेशनच्या महागड्या गाड्यांसाठी होतं, राजारामपुरीच्या गल्ल्यांत चकरा मारायला नव्हे. ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या तर हातातच घेऊ नका. '३० पॉइंट वाढ' म्हणतात, तेव्हा त्यांचा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. काहींत लोखंडाचं संयुग असतं. ते वापरलेला प्लग काढून बघा, चिनीमातीवर विटकरी थर बसलेला दिसतो. तोच थर पुढं ठिणगी चोरतो.

गाडी खरोखर नॉक करत असेल, तर आधी गॅरेजला जा. जुन्या इंजिनात पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन साठतो, त्यानं जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढतं आणि तापलेला कार्बन स्वतःच पेटवायला लागतो. रेडिएटर अर्धा गाळानं भरलेला असतो. थर्मोस्टॅट अडकलेला असतो. चुकीच्या उष्णतेच्या रेंजचा प्लग कुणीतरी स्वस्तात बसवलेला असतो. हे सगळं तसंच ठेवून पॉवर ओतलं की आवाज दबतो आणि दुखणं आतच वाढतं. आणि एखाद्या पंपावर भरल्याभरल्या नवी गाडी टकटक करायला लागली, तर भेसळीची शंका घ्या. रॉकेल आणि असल्या द्रव्यांचा ऑक्टेन फार कमी असतो. पंपावर गिऱ्हाईकाला, थेंब टाकून डाग राहतो का बघायला, फिल्टर पेपर मागायचा हक्क आहे, घनता तपासून मागायचाही आहे. १५ अंश सेल्सियसला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या मधे असावी लागते. पाच लिटरचं वैधमापन विभागानं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं. मागा. मागितल्यावर समोरचे चेहरे कसे बदलतात, तेही बघण्यासारखं असतं.

तर माझी मागणी छोटी आहे. घनतेचा आकडा लिहायला पंपावर जागा आहेच. त्याच्या शेजारी दोन आकडे लिहा : या नळीतल्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के. साध्याच्याही नळीवर, पॉवरच्याही. अमेरिकेत ऑक्टेनची पिवळी पट्टी पंपावर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. युरोपात नळीवरच इथेनॉलचं प्रमाण गोलात छापतात. यासाठी नवी यंत्रणा उभारायची नाही, रंगाचा छोटा डबा पुरेल. तेल कंपन्यांच्या विक्री अधिकाऱ्यांनी आणि जिल्हा पुरवठा कार्यालयानं मनावर घेतलं तर हे आठवड्याभरात होईल.

आणि आपल्याला एक विनंती. रोजच्या दराच्या चौकटीत पेट्रोल, डिझेल, सीएनजी असे तीन रकाने असतात. पेट्रोलच्या रकान्यात दराखाली बारीक टायपात का होईना, ऑक्टेन आणि इथेनॉलचं प्रमाण छापा. पंपांकडून ते मिळालं नाही, तर 'माहिती उपलब्ध नाही' असं छापा. ती ओळ रोज छापून येऊ लागली की पंपांवर रंगाचे डबे आपोआप उघडतील, असा माझा अंदाज आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
कसबा बावडा, कोल्हापूर